फिश टँकमधलं पाणी हिरवं झालं? मोरचूद ठेवा बाजूला, अंधार करा

टँकमधलं पाणी पालक उकळलेल्या पाण्यासारखं दिसायला लागलं, की घरी येणारा प्रत्येक जण वैद्य होतो. आमचा वरूड तालुका संत्र्याचा. झाडांच्या बुंध्याला लावायच्या बोर्डो पेस्टसाठी मोरचूद प्रत्येकाच्या गोठ्यात पडलेलं. त्यामुळे पहिला सल्ला ठरलेला: "मास्तर, कायले घोर लावून घेता? चिमटीभर मोरचूद टाका न बाप्पा!" टाकू नका. मोरचूद म्हणजे तांबं. शेवाळ मरेल, पण त्याआधी गोगलगायी आणि झिंगे मरतील आणि वनस्पतींची पानं जळतील. ३५ लिटरच्या टँकमध्ये चिमटीचं माप कुणालाच साधत नाही.

दुसरा सल्ला दुकानदाराचा: 'सकर' मासा न्या, काच चाटून साफ करतो. बोटाएवढा आणलेला तो मासा पुढे फूटभर वाढतो, आणि पाण्यात तरंगणारं हिरवं शेवाळ तो खातही नाही. मोठा झाला म्हणून त्याला नाल्यात किंवा तलावात सोडणारे तर गावच्या माशांचे वैरी. आपल्याकडच्या तलावांत हा परदेशी मासा आधीच उपद्रव देतोय.

आधी शेवाळ ओळखा. नव्या टँकमध्ये तपकिरी भुकटी बसली असेल तर काहीच करू नका, काही आठवड्यांत आपोआप जाते. काचेवरचे हिरवे ठिपके जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. निळसर-हिरवी, वास मारणारी साय म्हणजे शेवाळ नव्हेच, ते जिवाणू. ती नळीने ओढून काढा, उरलेली खाली दिलेल्या अंधारानेच जाते.

पानांच्या कडेला काळ्या दाढीसारखे झुबके आले असतील तर मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. बाटली वाचा मात्र. आपल्याकडे बहुतेक वेळा '२० व्हॉल्यूम' मिळतं, म्हणजे ६ टक्के. त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. फिल्टर बंद ठेवून सुई काढलेल्या सिरिंजने थेट झुबक्यावर सोडा, पाच-दहा मिनिटांनी फिल्टर सुरू करा. टँकमधल्या ४ लिटर पाण्यामागे हे ३ टक्क्यांचं १ मिली, त्याहून जास्त एका दिवसात नाही. काही दिवसांत झुबका गुलाबी पडला की समजा, मेला.

आता हिरवं पाणी. यानेच मला दोन उन्हाळे छळलं.

मत्स्यशेतीवाले तळ्यात शेण, युरिया, सुपर फॉस्फेट टाकून मुद्दाम पाणी हिरवं करतात, कारण रोहू-कटल्याच्या पिल्लांना त्यातूनच खाद्य मिळतं. आपण टँकमध्ये नकळत तेच करतो: जास्तीचं खाद्य, माशांची घाण, आणि खिडकीतून येणारं ऊन. मग पाणी बदलत बसतो. मीही रोज अर्धं पाणी बदलायचो. अर्धं पाणी काढलं म्हणजे अर्धंच शेवाळ गेलं, उरलेलं बघता बघता पुन्हा दुप्पट. शिवाय मी आणायचो शेतातल्या विहिरीचं पाणी. आजूबाजूच्या वावरातल्या खताचं नायट्रेट त्यात उतरत असेल, तर पाणी बदलणं म्हणजे शेवाळाला जेवण वाढणं. आता मी अर्धं विहिरीचं आणि अर्धं गावातल्या आरओ प्लांटचं पाणी मिसळतो. नळाचं असेल तर ब्लीचिंगचा वास जाईपर्यंत, किमान एक दिवस, बादलीत उघडं ठेवतो.

इलाज एकच: चार दिवस पूर्ण अंधार. उजेड नसला की पाण्यात तरंगणारं शेवाळ उपाशी मरतं. हायड्रिला, व्हॅलिसनेरियासारख्या वनस्पतींच्या अंगात साठा असतो, त्या फिक्या पडतात पण तगतात. माझ्या दोन्ही भंडाऱ्याकडच्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावातून आणलेल्या आहेत, त्यांना चार दिवसांनी काही होत नाही. माशांनाही चार दिवस खाद्य लागत नाही. देऊच नका.

ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. मे महिना होता, खोलीत कूलर नव्हता, टँकचं पाणी ३३-३४ अंशांवर. मी टँक घोंगडीत गुंडाळला आणि निवांत झोपलो. तिसऱ्या रात्री वादळ आलं, कुठेतरी तार तुटली आणि लाइट गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. घोंगडी काढली तेव्हा अकरा गप्पी वर तरंगत होते. मॉली कशाबशा तोंड वर काढून हवा घेत होत्या.

काय झालं ते नीट समजून घ्या, कारण अंधाराचा सल्ला देणारे हे सांगत नाहीत. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७ च्या आत. अंधारात वनस्पती प्राणवायू बनवत नाहीत, उलट ओढतात. मेलेलं शेवाळ कुजतं, तेही ओढतं. उरलेला एकच आधार म्हणजे एअर पंप, आणि तोच बंद पडला. उजेडात चाललेला टँक वीज गेल्यावर काही तास तग धरतो, अंधारातला धरत नाही.

म्हणून माझा नियम: एप्रिल-मेमध्ये अंधार करायचाच नाही. तोवर दिवा चार तासांवर आणा, खाद्य निम्मं करा, खिडकीला पडदा लावा, आणि कुणाच्या गोठ्यातली ओंजळभर अझोला (गुरांना चारतात ती तरंगणारी वनस्पती) आणून पाण्यावर सोडा. अझोला नायट्रोजन हवेतून घेते, त्यामुळे नायट्रेट खाईल अशी आशा ठेवू नका. पण सावली करते आणि फॉस्फेट ओढते. आठवड्याला निम्मी काढून गुरांना टाका, नाहीतर तीच खाली बसून कुजेल. अंधार करायचा तो मृगाच्या सरी पडून पाणी तिशीच्या खाली आल्यावर.

अंधाराच्या आदल्या दिवशी सडकी पानं काढा आणि अर्धं पाणी बदला, म्हणजे मरायला शेवाळच कमी उरेल. झाकायला घोंगडी नको. मिरचीच्या वाफ्यावरचा उरलेला मल्चिंग पेपर घ्या, चंदेरी बाजू बाहेर, काळी आत. चारही बाजू घट्ट बांधा. वरून मात्र हवा खेळेल असा सैल ठेवा, तंबूसारखा. मध्ये डोकावून बघायचं नाही.

एअर पंप चारही दिवस, चोवीस तास सुरू. तो टँकच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. इन्व्हर्टर असेल तर पंप त्यावर जोडा. नसेल तर यूएसबीचा छोटा पंप पॉवर बँकवर चालतो, पण आधी एक रात्र चालवून बघा. काही पॉवर बँका एवढ्याशा भाराला 'काहीच जोडलेलं नाही' समजून गुपचूप बंद पडतात. यांपैकी काहीच नसेल तर अंधार करू नका, टँक हिरवा राहिला तरी चालेल.

पाचव्या दिवशी संध्याकाळी उघडा. पाणी धुरकट दिसेल, मेलेल्या शेवाळामुळे. त्यातून अमोनिया सुटतो, म्हणून लगेच पुन्हा अर्धं पाणी बदला. फिल्टरचा स्पंज काढलेल्या पाण्याच्याच बादलीत पिळा, नळाखाली धरला तर त्यातले कामाचे जिवाणू ब्लीचिंगने मरतात.

दुसऱ्या वर्षी इथवर सगळं नीट केलं आणि शेवटी माती खाल्ली. पाणी आरशासारखं झालं होतं, पाहुण्यांना दाखवायला दिवा रोज दहा तास लावला. पंधरा दिवसांत पुन्हा पालक. उघडल्यावर पहिला आठवडा दिवा चारच तास, दुसरा पाच, मग सहा. कायमचे सहाच. आठ तासांचा हट्ट ज्यांच्याकडे वनस्पती गच्च आहेत त्यांनी करावा.

आणि दिवा टायमरवर लावणार असाल तर चकतीचा स्वस्तातला टायमर घेऊ नका. लाइट गेली की त्याचं घड्याळही थांबतं. रोज दोन तास लाइट जात असेल तर आठवड्याभरात दुपारी लागणारा दिवा मध्यरात्री लागायला लागतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.