वेर्नर फोर्समान यांचा जीवनपट कसा लिहावा

वैद्यकाच्या इतिहासावर मराठीत लेखन करणाऱ्याला वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरचा मोह पडणे स्वाभाविक आहे. बर्लिनजवळच्या एका लहान शहरातील इस्पितळात नुकताच रुजू झालेला तरुण डॉक्टर स्वतःच्या कोपरातील शिरेतून थेट हृदयापर्यंत नळी सरकवतो, तशाच अवस्थेत चालत क्ष-किरण विभागात जाऊन छायाचित्र काढून घेतो आणि 27 वर्षांनी त्याला नोबेल पारितोषिक मिळते, एवढ्या मजकुरावर लेख उभा राहील असे वाटते. प्रत्यक्षात तो उभा राहत नाही, कारण त्या 27 वर्षांत काय घडले आणि मुळात तो प्रयोग कशासाठी होता, हे दोन्ही प्रश्न त्यात सुटून जातात. लेखाची आखणी या दोन प्रश्नांभोवती करावी.

प्रारंभी जन्म, घराणे, शिक्षण यांना एक परिच्छेद पुरे. फोर्समान यांचा जन्म 29 ऑगस्ट 1904 रोजी बर्लिनमध्ये झाला. वकील असलेले वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले आणि आईने मुलाला वाढवले. वैद्यकाचे शिक्षणही बर्लिन विद्यापीठातच झाले. 1929 मध्ये ते बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड येथील इस्पितळात रिशार्ड श्नायडर या शल्यविशारदांच्या हाताखाली काम करू लागले. बालपणात भावी संशोधकाच्या खुणा शोधत बसण्याची आपल्याकडील चरित्रलेखनाची सवय येथे आवर्जून टाळावी.

त्यानंतर प्रयोगाकडे न जाता आधी त्या काळातील अडचण समजावून सांगावी. हृदय बंद पडू लागलेल्या रुग्णाला औषध तातडीने पोहोचवण्यासाठी छातीतून सुई खुपसून ते हृदयातच टोचण्याची रीत तेव्हा होती आणि त्यात हृदयावरील रक्तवाहिन्यांना इजा होण्याचा मोठा धोका होता. छातीला हात न लावता, शिरेच्या वाटेने औषध हृदयापर्यंत नेता येईल का, हा फोर्समान यांचा प्रश्न होता. घोड्याच्या मानेतील शिरेतून हृदयात नळी घालून दाब मोजण्याचे काम शोव्हो आणि मारे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच केले होते आणि त्याचे चित्र फोर्समान यांच्या मनात घर करून होते. हा संदर्भ दिला म्हणजे प्रयोग वेडेपणाचा न वाटता एका ज्ञात गोष्टीचे माणसावरील धाडसी उपयोजन म्हणून वाचकासमोर येतो.

प्रयोगाच्या हकिकतीत मात्र सावध राहावे लागते, कारण ती दोन प्रकारे सांगितली गेली आहे आणि दोन्ही प्रकार खुद्द फोर्समान यांचेच आहेत. 5 नोव्हेंबर 1929 रोजी 'क्लिनिशे वोखनश्रिफ्ट' या साप्ताहिकात आलेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार पहिल्या प्रयत्नात एका सहकाऱ्याने त्यांच्या शिरेत नळी घातली, ती 35 सेंटिमीटर आत गेल्यावर सहकाऱ्याला पुढे जाणे धोक्याचे वाटले आणि प्रयोग थांबला. आठवड्याभराने त्यांनी एकट्यानेच, कोपरापाशी भूल देऊन, मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी तेल लावलेली बारीक नळी 65 सेंटिमीटरपर्यंत सरकवली. परिचारिकेने समोर धरलेल्या आरशात क्ष-किरण पडद्यावरील नळीचे टोक पाहत त्यांनी ती उजव्या कर्णिकेपर्यंत, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यापर्यंत, नेली. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हीच कथा अधिक रंगतदार होते: शस्त्रक्रियेच्या साहित्याची राखण असलेल्या गेर्डा डिट्झेन या परिचारिकेला त्यांनी प्रयोग तिच्यावरच करणार असल्याचे भासवले, तिला टेबलावर बांधून ठेवले आणि तेवढ्यात स्वतःच्या हातात नळी घातली, खाली क्ष-किरण विभागात पेटर रोमाइस हे सहकारी धावत आले आणि नळी ओढून काढू पाहू लागले. लिहिणाऱ्याने दोन्ही हकिकती द्याव्यात, कोणती केव्हा लिहिली गेली ते सांगावे आणि वैद्यकीय तपशिलासाठी 1929 च्या निबंधावर भिस्त ठेवावी. चाळीसेक वर्षांनी आठवून लिहिलेल्या मजकुराला त्याच वर्षीच्या नोंदीची किंमत देता येत नाही, मग तो कितीही वाचनीय असो.

याच निबंधातील दोन छोटे तपशील सहसा गाळले जातात आणि ते घेतल्यास लेख भरीव होतो. नळी सरकताना शिरेच्या आतून ऊब जाणवत होती आणि गळपट्टीच्या हाडामागे ती पोहोचली तेव्हा खोकल्याची हलकी उबळ आली, अशी त्यांनी नोंद केली आहे, वेदना नव्हती. दुसरे म्हणजे, स्वतःवरील प्रयोगानंतर त्यांनी ही पद्धत एका अत्यवस्थ स्त्रीरुग्णावर औषध देण्यासाठी वापरली. तिला तात्पुरता उतार पडला, पण ती वाचली नाही.

नळी कोणत्या वाटेने गेली हे एका वाक्यात तरी सांगावेच. हाताची शीर काखेतून गळ्याखालच्या शिरेला, तेथून ऊर्ध्व महाशिरेला (शरीराच्या वरच्या भागातील रक्त हृदयाकडे आणणाऱ्या मोठ्या शिरेला) आणि पुढे उजव्या कर्णिकेला मिळते. ही अशुद्ध रक्ताची वाट असल्यामुळे डावे हृदय आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या या प्रयोगाच्या कक्षेबाहेर राहिल्या. हे स्पष्ट न केल्यामुळेच 'जगातील पहिली अँजिओग्राफी' (क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडून रक्तवाहिन्यांचे चित्र घेणे) असे मथळे दिसतात आणि ते चुकीचे असतात. हृदयधमन्यांची निवडक अँजिओग्राफी 1958 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांच्या हातून सुरू झाली. फुग्याने हृदयधमनी रुंद करण्याची पहिली शस्त्रक्रिया झ्युरिकमध्ये सप्टेंबर 1977 मध्ये आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी केली. जन्माने ग्रुंट्सिगही जर्मन, त्यामुळे त्यांची आणि फोर्समान यांची गल्लत होते.

प्रयोगानंतरच्या वर्षांना लेखात प्रयोगाइतकीच जागा द्यावी, असे माझे ठाम मत आहे. निबंध छापून येताच अशी नळी 1912 मध्येच बर्लिनच्या ब्लाइखरोडर यांनी घातली होती, असा दावा पुढे आला. त्या जुन्या कामाला क्ष-किरण छायाचित्राचा आधार मात्र नव्हता. बर्लिनच्या शारिटे इस्पितळात फर्डिनांड जाउअरब्रुख या बलाढ्य शल्यविशारदांकडे फोर्समान यांचा निभाव लागला नाही. असल्या कसरती सर्कशीत शोभतात, अशा आशयाचे जाउअरब्रुख यांचे उद्गार सांगितले जातात; ते द्यायचे झाल्यास 'सांगितले जाते' हे शब्द गाळू नयेत. त्यानंतरही फोर्समान यांनी क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य नळीतून सोडून हृदयाचे चित्र मिळवण्याचे प्रयोग कुत्र्यांवर आणि स्वतःवर केले, 1931 मध्ये ते प्रसिद्धही केले, पण प्रतिसाद मिळाला नाही. पुढे ते मूत्रविकारांच्या शस्त्रक्रियेकडे वळले आणि हृदयसंशोधन त्यांच्यापुरते संपले.

याच टप्प्यावर नाझी पक्षाचा विषय येतो. फोर्समान 1932 मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच, पक्षाचे सभासद झाले आणि 1945 पर्यंत सभासद राहिले. महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते, शेवटी अमेरिकनांच्या कैदेत गेले आणि सुटकेनंतर सभासदत्वामुळे त्यांना काही काळ व्यवसाय करता आला नाही. हे सारे तारखांसह, विशेषणे न लावता लिहावे. ते वगळणारा लेख अप्रामाणिक ठरतो आणि त्यावरून प्रयोगाचे मूल्य ठरवणारा लेख विषय सोडून जातो.

पारितोषिकाच्या भागात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळातील आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांचे काम नीट समजावून घ्यावे, नाहीतर 1956 चे नोबेल तिघांना विभागून का मिळाले हे वाचकाला कळणार नाही. हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते, हे फिक या शास्त्रज्ञाच्या जुन्या सूत्राने (वापरलेला प्राणवायू भागिले दर लिटर रक्तामागे खर्च झालेला प्राणवायू) काढता येत होते, पण त्यासाठी सर्व शरीरातून परत आलेले मिसळलेले अशुद्ध रक्त हवे होते आणि ते उजव्या हृदयातच मिळते. समजा, शरीर मिनिटाला 250 मिलिलिटर प्राणवायू वापरते, धमनीतील दर लिटर रक्तात तो 200 मिलिलिटर आहे आणि परतीच्या रक्तात 150. म्हणजे प्रत्येक लिटरमागे 50 मिलिलिटर खर्च झाले आणि मिनिटाला पाच लिटर रक्त वाहिले. असे उदाहरण दिले की नळीचे महत्त्व पानभर स्तुतीपेक्षा चांगले पटते. प्रागमध्ये ओटो क्लाइन यांनी 1930 च्या सुमारासच नळीचा असा उपयोग केला होता, पण तो मागे पडला. 1941 पासून कुर्नां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत चिकाटीने वापरून जखमांनी अत्यवस्थ झालेल्या आणि हृदय व फुप्फुसाचे विकार असलेल्या रुग्णांतील दाब व प्रवाह मोजले. फोर्समान यांनी वाट दाखवली आणि ती वापरण्याजोगी दुसऱ्यांनी केली, हे सरळ सांगण्यात त्यांचा काही उणेपणा होत नाही.

नोबेलची बातमी आली तेव्हा ते बाड क्रॉइत्सनाख येथे मूत्रविकारांचा व्यवसाय करत होते. पत्नी एल्स्बेट याही त्याच शाखेच्या डॉक्टर होत्या आणि दोघांना सहा मुले होती. माइन्झ विद्यापीठाने त्यांना मानद प्राध्यापकपद दिले आणि 1958 मध्ये ते ड्युसेलडॉर्फच्या एका इस्पितळात शल्यविभागाचे प्रमुख झाले. हृदयसंशोधनात मात्र त्यांना पुन्हा पाय रोवता आला नाही, कारण ते शास्त्र मधल्या काळात त्यांना मागे टाकून पुढे गेले होते. या भागासाठी एक परिच्छेद पुरेसा आहे. 1 जून 1979 रोजी शोप्फहाइम येथे त्यांचे निधन झाले.

लेख छपाईला देण्यापूर्वी तीन विधाने पुन्हा तपासावीत: प्रयोगाचा उद्देश औषध देणे हा लिहिला आहे का, नळी उजव्या कर्णिकेपर्यंतच नेली आहे का, आणि परिचारिकेची कथा आत्मचरित्राच्या नावावर आहे की शोधनिबंधाच्या.