लहान टाकीसाठी वेगळे मासे निवडताना

चाळीस-पन्नास लिटरच्या टाकीत गप्पी आणि मॉलीपेक्षा काही वेगळे ठेवायचे असेल, तर माशाच्या रंगाआधी तो पूर्ण वाढल्यावर केवढा होतो हे विचारावे. म्हापसा किंवा मडगावच्या दुकानात बोटाएवढा दिसणारा ‘मिस केरळ’ मासा पुढे सुमारे पंधरा सेंटीमीटर लांब होतो आणि त्याला थव्याने पोहायला मोठी जागा लागते, म्हणून मोह आवरलेलाच बरा.

माझी पहिली पसंती सह्याद्रीतल्याच पी पफरला आहे. वाटाण्यासारखा, जेमतेम अडीच सेंटीमीटरचा हा गोड्या पाण्यातला मासा दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवत गोगलगाय हेरतो, तेव्हा पाहत राहावे. मात्र तो इतरांचे पर कुरतडतो, त्यामुळे त्याला स्वतंत्र टाकी आणि दाट वनस्पती द्याव्यात. कोरडे दाणे तो सहसा खात नाही, म्हणून गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) घरी असावेत. खरेदीच्या वेळी पोट खपाटीला गेलेला मासा घेऊ नये, आणि दुकानदाराला माशाला समोरच खाऊ घालायला सांगावे. त्यात भीड कसली?

शांत मासा हवा असल्यास चारेक सेंटीमीटरचा, टकटक आवाज काढणारा स्पार्कलिंग गुरामी निवडावा. गोव्यातल्या उन्हाळ्यात थंड पाण्यातले मासे टाळावेत. जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी बहुधा मृदू व किंचित आम्लधर्मी असते आणि ते गुरामीला मानवते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मात्र आधी काढावे लागते.