नाशिकहून स्कॉट्सडेलला येताय? आधी घरी बोला

क्रायोनिक्ससाठी, म्हणजे पुढे कधीतरी परत उठवता येईल या आशेने मृत्यूनंतर देह अतिथंड करून जपण्यासाठी, अमेरिकेत अ‍ॅरिझोनाला यायचं ठरवलेल्या नाशिककरांचे फोन येतात, तेव्हा पहिला प्रश्न खर्चाचा असतो. मी आधी विचारते, आईला सांगितलं का?

मी पंचवटीत वाढले. अस्थी घेऊन रामकुंडाकडे निघालेली माणसं शाळेच्या वाटेवर रोज दिसायची. आपल्याकडे गेल्यानंतरचं सगळं ठरलेलं असतं: अग्नी, दहावा, पिंडाला शिवणारा कावळा, गोदावरी. इथे पूर्ण देह जपला तर यातलं काहीच होत नाही, कारण अस्थीच नसतात. हे घरच्यांना ऐनवेळी कळलं तर ते देह परत मागतील, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या वादात गेलेले तास परत मिळत नाहीत. डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला की लगेच देह बर्फाच्या पाण्यात ठेवतात, यंत्राने छाती दाबून रक्त फिरतं ठेवतात, गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपॅरिन देतात. मग रक्ताच्या जागी बर्फाचे स्फटिक होऊ न देणारं द्रावण भरतात आणि हळूहळू थंड करत उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. सुरुवातीला जितका उशीर, तितकी मेंदूची हानी जास्त. हे काम करणारी अल्कोर ही संस्था स्कॉट्सडेलमध्ये आहे. तिच्या जवळ राहायला यायचं ते एवढ्यासाठीच.

आजवर कुणालाही परत उठवता आलेलं नाही. हेही घरी स्पष्ट सांगा. मी सांगितलं तेव्हा आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मग तुझं श्राद्ध करायचं की नाही?" आम्ही दोघींनी बसून ठरवलं, करायचं. त्यानंतर, या निर्णयाच्या आड येणार नाही असं लिहून देणाऱ्या नातेवाइकांच्या प्रतिज्ञापत्रावर भावाने सही केली. माझ्या सगळ्या कागदांमध्ये मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.

खर्चाचं थोडक्यात: मी सही केली तेव्हा अल्कोरमध्ये पूर्ण देहासाठी किमान २ लाख २० हजार डॉलर आणि फक्त डोक्यासाठी ८० हजार होते. मिशिगनच्या क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये २८ हजारांत होतं, पण मृत्यूच्या वेळी लगेच काम सुरू करायला उशाशी थांबणारं पथक त्यात धरलेलं नसतं. बहुतेक जण आयुर्विम्यातून पैसे उभे करतात. तो धडधाकट असतानाच काढा. मोठ्या आजाराचं निदान झाल्यावर विमा मिळणं फार कठीण. यासाठी वेगळा व्हिसाही नाही. नोकरी, शिक्षण किंवा कुटुंब, याच वाटेने यावं लागतं. नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर असाल आणि नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. म्हणून "आजारी पडलो की निघू" हा बेत मनातून काढून टाका.

स्कॉट्सडेलमध्ये घरभाडं जास्त आहे. जवळची टेंपी किंवा चँडलर ही गावं बघा. चँडलरला आपली माणसं आणि किराणा दोन्ही मिळतात. गाडीवाचून भागत नाही. मे-जूनमध्ये येऊ नका. २०२३ च्या जुलैत शेजारच्या फीनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. नाशिकच्या उन्हाळ्यावरून इथला अंदाज बांधता येत नाही. घड्याळ मात्र सोपं: इथे ते पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे फरक वर्षभर साडेबारा तासांचाच. घरी रात्री आठला जेवणं चालू असतात तेव्हा इथे सकाळचे साडेसात. मी रोज त्याच वेळी फोन करते.

आल्या आल्या एक नेहमीचा डॉक्टर धरा आणि नियमित जात राहा. मृत्यूचं कारण कुणालाच माहीत नसेल तर प्रकरण शवविच्छेदनाकडे जाऊ शकतं, आणि आपल्या कामात त्याच्याइतकी वाईट गोष्ट नाही. आपले कागद त्या डॉक्टरकडेही देऊन ठेवा. संस्थेचा नंबर असलेली धातूची पट्टी मनगटावरून काढू नका, आंघोळीलाही नाही.

सुट्टीला नाशिकला गेलात आणि तिथेच काही झालं, तर इथलं पथक वेळेत पोहोचणार नाही. तो धोका मी पत्करते, कारण आईला भेटायचं असतं. पण तिथे कुणाला फोन करायचा, बर्फ कोण आणणार, हे भावाला पाठ आहे. गेल्या जानेवारीत आईने चष्मा लावून माझ्या पट्टीवरचा नंबर वाचला आणि देवघराशेजारच्या कालनिर्णयच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवला.