पोटाचं दुखणं आणि गव्हाची टेस्ट, माझा अनुभव

दोन वर्षं पोट फुगायचं, जुलाब, आणि हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या खाऊनपण वर येईना, सगळे म्हणायचे मिसळ कमी कर, अ‍ॅसिडिटी आहे. मग मी शहाणपणा करून स्वतःच चपाती-पाव बंद केला, ज्वारीची भाकरी सुरू, आणि बरं वाटलं की राव! इथंच चुकलो. नंतर कोल्हापूरच्या राजारामपुरीत पोटाच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले गहू बंद असताना टेस्ट केली तर सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळं लहान आतड्याला इजा होणारा आजार) असूनही निगेटिव्ह येऊ शकते, आधी परत खा. दीड महिना रोज दोन चपात्या, लई त्रास झाला. मग रक्ताची टीटीजी आयजीए (या आजारात वाढणारी आयजीए प्रकारची अँटिबॉडी मोजणारी टेस्ट), सोबत टोटल आयजीए (रक्तातलं एकूण आयजीए) पण, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिली टेस्ट फसवते. पॉझिटिव्ह आली, एंडोस्कोपीत लहान आतड्याचे तुकडे काढले, पक्कं झालं.

आता गहू, रवा, मैदा, बार्ली बंद. तांबडा-पांढरा भाकरीसोबत चालतोय, फक्त हिंगाची डबी वाचून घ्या, बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतंय. सहा महिन्यांत हिमोग्लोबिन 8 वरनं 12 वर आलं.