फ्रायबुर्गात नव्याने आलात? आधी पिशवी घ्या

पहिल्यांदा रविवारचं सांगते. मी शनिवारी रात्री इथे उतरले, दूध-ब्रेड सकाळी आणू म्हणून झोपले आणि उठून पाहते तर अख्खं गाव कुलूपबंद. तो दिवस आईने बांधून दिलेल्या चकल्यांवर निघाला. जर्मनीत रविवारी दुकानं बंद म्हणजे बंदच. फार अडलं तर मुख्य स्टेशनातलं एखादं दुकान सापडतं. तेव्हा बेगमी शनिवारीच करा, आणि सोमवारी सणाची सुट्टी असेल तर दोन दिवसांची.

आता भाजी. म्युन्स्टर म्हणजे इथलं ११६ मीटर उंच मनोऱ्याचं जुनं चर्च. त्याच्या भोवतीच्या चौकात सोमवार ते शनिवार सकाळी बाजार भरतो आणि दुपारी दीड-दोनला उठतो. दुपारच्या लेक्चरनंतर जाऊ म्हणाल तर गाड्या भरताना दिसतील. उत्तरेच्या बाजूला आसपासच्या गावांतले शेतकरी आपला माल घेऊन बसतात. दक्षिणेला व्यापारी, मसाले, लाकडी वस्तू. भाजीसाठी उत्तरेलाच जा. सॉसेजच्या गाड्यांवर ‘मिट ओडर ओने?’ असं विचारतात, म्हणजे कांदा घालू की नको. सॉसेज बहुतेक डुकराच्या मांसाचं असतं, खात नसाल तर आधी विचारा.

माल हाताने चिवडायचा नाही. बोट दाखवायचं, विकणारा काढून देतो. ‘आइन फुंड’ म्हणजे चक्क अर्धा किलो. सुट्टे पैसे जवळ ठेवा, सगळेच कार्ड घेत नाहीत.

इथली खरी मेख लाल मुळ्यांची. जुडी उचलली की विकणारी बाई पाला पिरगळून टाकायला निघते. इथे तो कोणी खात नाही. लगेच ‘बिटं मिट ग्रून’ म्हणायचं, पाल्यासकट द्या. पहिल्या वेळी ती माझ्याकडे बघतच राहिली. ससा पाळलाय का, असं विचारलंन. आता मी दिसले की आधीच्या गिऱ्हाइकाचा पालाही माझ्या पिशवीत कोंबते. बेसन पेरून भाजी केलीत तर घरची आठवण निम्मी होते. ‘कोलराबी’ दिसली तर तो आपला नवलकोल. हिवाळ्यात ‘सुनेविर्बेले’ नावाचा छोट्या पानांचा कोशिंबिरीचा पाला येतो. हे नाव फक्त या भागातलं, बाकी जर्मनीत त्याला बहुतेक ठिकाणी ‘फेल्डझालाट’ म्हणतात.

बाजारातून निघताना म्युन्स्टरच्या मुख्य दारातल्या भिंतीकडे बघा. १२७० आणि १३१७ सालच्या पावांचे आकार दगडात कोरलेत. पाव लहान निघाला की गिऱ्हाईक इथेच आणून ताडून बघायचं! आपल्याकडच्या वजनकाट्यावरची भांडणं आठवून मला अजून हसू येतं.

बाकी मुख्य रस्ता कायझर-योझेफ-श्ट्रासं, सगळे त्याला ‘काजो’ म्हणतात. कपडे, बूट, मोबाईल सगळं तिथे. शनिवारी टाळा, सीमेपलीकडचे स्विसही खरेदीला येतात. गल्ल्यांतून वाहणाऱ्या पाण्याच्या चिंचोळ्या पाटांवर लक्ष ठेवा; पाय पडला तर फ्रायबुर्गकराशी लग्न होतं म्हणतात. माझा दोनदा पडला, फक्त बूट भिजले.

कांदे-बटाटे, तेल, दूध मात्र आल्डी किंवा लिडल या स्वस्त सुपरमार्केटांतूनच घ्या, बाजार त्यासाठी महाग पडतो. कोथिंबिरीची मोठी जुडी तुर्की दुकानात, डाळीही तिथेच. बाटल्या फेकू नका, पेयांच्या बहुतेक प्लास्टिक बाटल्या आणि कॅनवर २५ सेंट परत मिळतात. पॅरासिटामॉल सुपरमार्केटात शोधत बसू नका, ते फक्त ‘आपोटेकं’मध्ये, म्हणजे औषधाच्या दुकानात.

आणि पाडव्याच्या आधी विचारायला येऊ नका, आत्ताच लिहून ठेवा: श्रीखंडाला इथलं चक्क्यासारखं ‘क्वार्क’ घ्यायचं, पण ‘मागर’ लिहिलेलं नाही, ते बिनचरबीचं. चाळीस टक्केवालं घ्या आणि रात्रभर फडक्यात टांगा.