नवं बांधलेलं इंजिन कार्ब्युरेटरमधून भडका मारतंय?

शेव्हर्लेचं जुनं ३५० (घन इंची, व्ही-८) इंजिन घरच्या गॅरेजमध्ये बांधलं, स्टार्टर मारला, आणि सुरू व्हायचं सोडून कार्ब्युरेटरमधून फाडकन आग. अशा वेळी कार्ब्युरेटर खोलू नका. आम्ही अख्खा शनिवार त्यात घालवला, दोष निघाला डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाचा.

घोळ असा होतो : टायमिंग चेन (क्रँक आणि कॅमशाफ्ट जोडणारी) बसवताना दोन्ही गिअरवरचे ठिपके समोरासमोर आणतात. बरोबरच आहे ते. पण त्या स्थितीत स्पार्कची पाळी १ नंबरच्या सिलिंडरची नसते, ६ नंबरच्याची असते. १ चा पिस्टन वर दिसतो म्हणून रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणारा, ठिणगी वाटणारा तुकडा) १ कडे केला, की टायमिंग थेट उलटं.

खात्री करायला १ नंबरचा प्लग काढा (अमेरिकन गाडीत ड्रायव्हरच्या, म्हणजे डाव्या बाजूचा, सगळ्यात पुढचा), भोकावर अंगठा दाबून धरा आणि पान्याने क्रँक हाताने फिरवायला सांगा, पुढून बघताना घड्याळाच्या दिशेने. हवा अंगठा उचलून फुस्स करेल तो कॉम्प्रेशन स्ट्रोक, म्हणजे पिस्टन हवा दाबत वर येतोय. तिथून बॅलन्सरची (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या चाकाची) खूण शून्यावर आणा. रोटर आता १ च्या वायरकडे हवा. विरुद्ध दिशेला असेल तर डिस्ट्रिब्युटर उचलून त्याचा रोटर अर्धा फेरा फिरवून बसवा.

डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर वायरी १ पासून घड्याळाच्याच दिशेने : १-८-४-३-६-५-७-२. त्यातल्या ५ आणि ७ च्या वायरी चिकटवून नेऊ नका. शेजारचे सिलिंडर, पाळीही लागोपाठ. ठिणगी एकातून दुसरीत उडी मारते.

जुन्या बॅलन्सरचं बाहेरचं कडं रबरावरून सरकलेलं असू शकतं, मग खूणच खोटी. पिस्टन स्टॉप (प्लगच्या भोकात बसवून पिस्टन अडवणारा खिळा) लावून तपासा.