सायनसचा सीटी वाचताना आधी धोक्याच्या जागा पाहा

दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन ठरलं की सीटी फक्त सूज पाहायला काढत नाहीत. डोळा, मेंदू आणि कॅरोटिड धमनी (मेंदूला रक्त नेणारी) हत्यारापासून किती अंतरावर आहेत, हे सर्जनला त्यातूनच कळतं. त्यामुळे भरलेला सायनस दिसला की तिथेच थांबू नका.

स्लाइस 1 मिमीपेक्षा जाड नको. जाड स्लाइसमध्ये पातळ हाड पुसलं जातं आणि नसलेलं भोक दिसतं. बोन विंडो (हाड ठळक दाखवणारं सेटिंग) लावा, तिन्ही प्रतलं (आडवं, समोरचं आणि बाजूचं) उघडी ठेवा.

कोरोनलवर (समोरून दिसणाऱ्या उभ्या छेदांवर) पुढून मागे या. पहिला मुक्काम क्रिब्रिफॉर्म प्लेट, म्हणजे नाक आणि मेंदू यांच्यामधलं चाळणीसारखं हाड. तिथपासून एथमॉइडच्या (दोन डोळ्यांमधल्या सायनसच्या) छतापर्यंतची उभी खोली मोजा. केरोस वर्गीकरणात 1 ते 3 मिमी म्हणजे केरोस 1, 4 ते 7 म्हणजे केरोस 2, 8 ते 16 म्हणजे केरोस 3. खोली वाढते तशी बाजूची लॅटरल लॅमेला उंच होते. हे हाड अतिशय पातळ असतं. ते फुटलं की सीएसएफ (मेंदूभोवतीचं पाणी) नाकात गळतं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा, कारण त्या बऱ्याचदा सारख्या नसतात.

मग लॅमिना पॅपिरेशिया, म्हणजे एथमॉइड आणि डोळ्याची खोबण यांच्यामधली पातळ हाडाची भिंत. जुन्या फ्रॅक्चरमुळे ती एथमॉइडकडे सरकली आहे का, अनसिनेट (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचा हाडाचा पातळ पापुद्रा) तिला चिकटलाय का, ते बघा. चिकटलेला अनसिनेट काढताना हत्यार थेट डोळ्याच्या खोबणीत जाऊ शकतं.

नेत्रगोलाच्या मागे, सुपीरियर ऑब्लिक आणि मेडियल रेक्टस या स्नायूंच्या मधोमध, खोबणीच्या आतल्या भिंतीला छोटी चोच दिसते. ती अँटीरियर एथमॉइडल धमनीची जागा. चोचीच्या वर हवेची पोकळी असेल तर धमनी छतापासून सुटून लोंबत असते. अशी धमनी तुटली तर तिचं टोक खोबणीत मागे ओढलं जातं, आत रक्त साचतं आणि दृष्टीवर बेततं.

स्फेनॉइडमध्ये (सर्वात मागच्या सायनसमध्ये) आडवा पडदा दिसला तर वरची पोकळी बहुधा ओनोडी सेल, म्हणजे स्फेनॉइडच्या वर सरकलेली एथमॉइडची पोकळी. सॅजिटलवर (बाजूने दिसणाऱ्या उभ्या छेदावर) खात्री करा. ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याची नस) या पोकळीच्या भिंतीलगत असते. उभा पडदा कॅरोटिडच्या हाडावर टेकत असेल तर तेही लिहा, कारण असा पडदा पिरगाळून काढताना धमनी फाटू शकते.

हॅलर सेल (डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी असलेली एथमॉइडची पोकळी) आणि कोंका बुलोसा (नाकातल्या मधल्या टर्बिनेट या हाडातली हवेची पोकळी) सायनसच्या निचऱ्याचा मार्ग अरुंद करत असतील तर नोंदवा. नुसतं असणं हा आजार नव्हे.

रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅनाटॉमिकल व्हेरिएशन्स आहेत’ एवढंच लिहिणं निरुपयोगी. ‘उजवीकडे केरोस 3, खोली 9 मिमी, डावीकडे केरोस 2, खोली 5 मिमी’ असं बाजूसकट लिहा.